लॉग गेला कुठे?

शुक्रवार, रात्रीचे साडेअकरा. गँग बाणेरला जेवायला बसलेली आणि माझा मोबाइल केकाटतोय. ‘अरे, पेमेंट्स अडकलीयत, लॉग बघ ना!’ बघितला. फाइल कोरी करकरीत!

झालं असं, की लॉगफोरजे १ चा सपोर्ट 2015 मध्येच संपलाय, म्हणून आम्ही (उशिरा का होईना) लॉगफोरजे 2 वर आलो. नवी कॉन्फिगरेशन फाइल मी लिहिली, पण ठेवली माझ्याच लॅपटॉपच्या डी ड्राइव्हवर. पाथ आयडीईत दिलेला, त्यामुळे माझ्याकडे सगळं झक्कास. सर्व्हरवरच्या वॉरमध्ये मात्र गेली जुनी ‘लॉगफोरजे डॉट प्रॉपर्टीज’. नवं व्हर्जन तिला ओळखतच नाही, ते ‘लॉगफोरजे2’ नावाची फाइल शोधतं. नाही मिळाली तर अ‍ॅप बंद पडत नाही राव, हीच तर गोची! फक्त एररच्या ओळी कन्सोलवर टाकतं. आमच्या इन्फोच्या ओळी गायब. कुणाचे पैसे कुठवर पोचले, पत्ता नाही.

तुम्ही डिप्लॉय करताय? मग ती फाइल वेब-इन्फच्या क्लासेस फोल्डरमध्ये आहे ना, वॉर उघडून बघा. शंका असेल तर ‘लॉगफोरजे2 डॉट डीबग’ ट्रू करून सर्व्हर सुरू करा. कुठली फाइल उचलली, ते स्वतःच सांगतं.

मी पहाटे चारपर्यंत डेटाबेस आणि बँकेचा रिपोर्ट जुळवत बसलो. बिर्याणी पार्सल आली होती. गार.