बोटांचा भाव ठरला, कामाचं काय?

पॉवर प्रेसखाली बोटं गेली की पहिला प्रश्न येतो, 'किती मिळाले?' नातेवाईक विचारतात, शेजारी विचारतात, युनियनचे भाऊही विचारतात. पुन्हा कामावर घेणार का, हे कोणी विचारत नाही. बाई असेल तर नाहीच नाही. तिची कमाई म्हणजे घराला वरचा हातभार, तो बंद झाला तर काय बिघडलं, असं धरूनच चाललेलं असतं.

कायद्यात बोटांचा भाव ठरलेला आहे. आख्खी तर्जनी १४ टक्के, एका हाताची दोन बोटं २० टक्के, अंगठा ३० टक्के. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यातली ही यादी आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत आली आहे. यादी म्हणते, कमावण्याची ताकद एवढी घटली. पण चाकणच्या एका वर्कशॉपमधून आमच्याकडे आलेल्या बाईची कमाई २० टक्क्यांनी घटली नाही, ती शून्य झाली. उरलेल्या ८० टक्क्यांना काम देणारं कोणी नव्हतं. आणि भाकरी थापणं, ओले कपडे पिळणं, मुलीची वेणी घालणं हे तर यादीत कुठेच नाही. ते तिने हाताला पट्टी असतानाच सुरू केलं होतं. त्याला कोणी 'कामावर रुजू झाली' म्हणत नाही!

ई.एस.आय.चं कार्ड असेल तर बरं होईपर्यंत मजुरीच्या ९० टक्के मिळतात. (कित्येकांचं कार्ड अपघातानंतर घाईघाईने काढलं जातं, हे 'सेफ इन इंडिया' संस्थेच्या अहवालांनी पुन्हा पुन्हा दाखवलं आहे.) डॉक्टरांनी 'फिट' लिहिलं की तो भत्ता बंद. दुसऱ्या दिवशी ती गेटवर उभी राहते, तर ठेकेदार म्हणतो, करार संपला. कागदोपत्री ती 'हेल्पर'. मग प्रेसवर कोणी बसवलं होतं? फारच दया आली तर झाडलोटीचं 'हलकं काम' मिळतं, कमी पगारावर.

सरकारी नोकरीत असं करता येत नाही. २०१६ च्या अपंग हक्क कायद्याचं कलम २० सांगतं की नोकरीत असताना अपंगत्व आलं तर काढायचं नाही, पद घटवायचं नाही. जुनं काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं द्यायचं. खाजगी कारखान्यावर हे बंधन नाही. कचेरीत फायली हलवणाऱ्या हाताला जे संरक्षण, ते प्रेसवरच्या हाताला का नाही?

मालक म्हणतात, छोट्या वर्कशॉपला परवडत नाही. माल तपासणं, मोजणं, पॅकिंग, हजेरी ही कामं तिथे नाहीत का? आणि त्यांचे सुटे भाग घेणाऱ्या मोठ्या गाडी कंपन्यांनाही परवडत नाही?

युनियनच्या भावांनो, चेक हातात पडला की केस मिटली असं वहीत लिहू नका. मागणीपत्राची पहिली ओळ अशी घाला: त्याच पगारावर जमेल ते काम, आणि ठेकेदार बदलला तरी ते देण्याची जबाबदारी मुख्य कंपनीची. रकमेचं त्यानंतर बोलू.