एक षटक आणि सात वर्षे : भारती फुलमाळीची कारकीर्द कशी वाचावी?

१/ गुवाहाटी, ९ मार्च २०१९. भारत आणि इंग्लंड यांच्या महिला संघांतील तिसरा टी-२० सामना. अखेरच्या षटकात भारताला विजयासाठी अवघ्या ३ धावा हव्या होत्या. फलंदाजीला अमरावतीची भारती फुलमाळी. तिचा हा केवळ दुसरा आंतरराष्ट्रीय सामना. दुसऱ्या टोकाला ३० धावांवर खेळणारी मिताली राज.

२/ केट क्रॉसच्या पहिल्या तीन चेंडूंवर एकही धाव निघाली नाही. चौथ्या चेंडूवर भारती झेलबाद झाली. पाचव्यावर कोल्हापूरची अनुजा पाटील यष्टिचीत. शेवटच्या चेंडूवर एक धाव मिळाली आणि भारत एका धावेने हरला. त्यानंतर जवळपास सात वर्षे भारतीय संघाच्या यादीत भारतीचे नाव आले नाही.

३/ या घटनेचा रूढ अर्थ सरळ आहे : नवख्या खेळाडूला दडपण पेलले नाही. हा अर्थ खोटा नाही, पण अपुरा आहे. धावफलक हे इतिहासाचे विश्वासार्ह साधन खरेच. मात्र कोणत्याही साधनाप्रमाणे तेही काही गोष्टींबाबत मौन पाळते. खेळाडूला पुढची संधी कधी मिळाली, हे त्यात लिहिलेले नसते.

४/ दोनच दिवसांपूर्वी, ७ मार्चला, भारतीने पदार्पणात १८ धावा केल्या होत्या. त्या डावात भारताची एकूण धावसंख्या १११ आणि सर्वोच्च वैयक्तिक धावा मितालीच्या २०. म्हणजे पडत्या डावात उभे राहिलेल्यांत ही नवखी मुलगी होती. परंतु स्मरणात राहिले ते फक्त शेवटचे षटक.

५/ तुलनेसाठी एक परिचित उदाहरण. सचिन तेंडुलकर पहिल्या दोन्ही एकदिवसीय सामन्यांत शून्यावर बाद झाला आणि त्याचे पहिले एकदिवसीय शतक १९९४ मध्ये, ७९व्या सामन्यात झाले. त्याच्या प्रतिभेविषयी वाद नाही. पण ती प्रतिभा सिद्ध होण्यासाठी ७९ सामने उपलब्ध होते, ही बाबही तितकीच ऐतिहासिक आहे.

६/ महिला क्रिकेटमध्ये नेमकी हीच गोष्ट दुर्मीळ होती. भारतीय महिला क्रिकेट संघटना स्थापन झाली १९७३ मध्ये. त्याच वर्षी पुण्यात पहिली आंतरराज्य स्पर्धा भरली. संघ होते तीन : मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. पहिली अधिकृत कसोटी १९७६ मध्ये बंगळुरूला वेस्ट इंडीजविरुद्ध झाली.

७/ त्या मालिकेपासून खेळलेल्या पुण्याच्या लेगस्पिनर शुभांगी कुलकर्णी यांची कसोटी कारकीर्द १९७६ ते १९९१ अशी पंधरा वर्षांची; कसोटी सामने मात्र १९. साधारण त्याच काळात कपिल देव १३१ कसोटी खेळला. १९८६ च्या इंग्लंड दौऱ्यानंतर थेट १९९१ पर्यंत भारतीय महिलांनी एकही कसोटी खेळली नाही. १९८८ च्या विश्वचषकात भारत सहभागीच नव्हता.

८/ मिताली राजच्या नावावरही कसोटी सामने बाराच. ही आकडेवारी गुणवत्तेची नव्हे, वेळापत्रकाची साक्ष देते. सामने विरळ असले की एक अपयश वर्षानुवर्षे पुसले जात नाही, कारण ते पुसण्यासाठी मैदानच मिळत नाही.

९/ येथे प्रतिवाद संभवतो. आंतरराष्ट्रीय खेळ निष्ठुरच असतो. १८ आणि ५ धावांवर कुणी कायमच्या जागेचा हक्क सांगू शकत नाही. हे मान्य. आक्षेप वगळण्याला नाही. वगळलेल्या खेळाडूच्या परतीची वाट कुठे होती, हा प्रश्न आहे. भारती विदर्भाकडून खेळत राहिली. पण महिलांचे देशांतर्गत सामने पाहणारे डोळे फार थोडे होते.

१०/ २०२३ मध्ये महिला प्रीमियर लीग सुरू झाली आणि ही स्थिती बदलू लागली. १० मार्च २०२५. मुंबई इंडियन्सविरुद्ध १८० धावांचे लक्ष्य. गुजरात जायंट्सच्या भारतीने २५ चेंडूंत ६१ धावा कुटल्या. तिचा संघ तेव्हाही हरला, ९ धावांनी.

११/ पराभव २०१९ मध्येही झाला आणि २०२५ मध्येही. पहिल्याने तिची वाट बंद झाली, दुसऱ्याने उघडली. यात खेळीचा दर्जा अर्थातच महत्त्वाचा. पण या वेळी खेळ हजारोंनी पाहिला होता आणि पुढचा सामना काही दिवसांवर होता. जानेवारी २०२६ मध्ये ऑस्ट्रेलिया दौऱ्याच्या टी-२० संघात तिची पुन्हा निवड झाली.

१२/ ही कथा ‘जिद्दीचा विजय’ म्हणून सांगणे सोपे आहे, आणि तिथेच धोका आहे. जिद्दीचे कौतुक करताना व्यवस्थेला सूट मिळते. सात वर्षे थांबू शकलेली एक खेळाडू दिसते. जी थांबू शकली नाही, तिचे नाव कोणत्याही धावफलकात नसते.

१३/ वऱ्हाडातल्याच बुलढाणा जिल्ह्याचा नकाशा पाहावा. महाराष्ट्र राज्य एक, पण क्रिकेट संघटना तीन : मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. बुलढाणा विदर्भात मोडतो. त्याचे मूळ जुन्या प्रशासनात आहे. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला आणि राजधानी होती नागपूर. विदर्भाआधी रणजी करंडकात मध्य प्रांत व वऱ्हाडाचा संघ उतरत असे.

१४/ परिणामी मेहकर किंवा लोणारच्या मुलीला छत्रपती संभाजीनगर जवळ असले, तरी क्रिकेटसाठी त्याहून कितीतरी दूरच्या नागपूरकडे पाहावे लागते. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी आखलेली रेघ आजही एखाद्या बापाच्या एसटी भाड्याचा हिशेब ठरवते.

१५/ म्हणून मागणी साधी आहे. पश्चिम वऱ्हाडात मुलींचे सामने वर्षभर भरावेत, त्यांची नोंद ठेवली जावी, आणि निवड करणाऱ्यांनी तिथवर यावे. अमरावतीची मुलगी सात वर्षांनी परतली, याचा आनंद रास्तच आहे. बुलढाण्याच्या मुलीला मात्र पहिली संधी जवळ आणि दुसरी लवकर मिळायला हवी.

१६/ आणि इतिहासाच्या वाचकासाठी एक सवय : महिला खेळाडूची आकडेवारी समोर आली की धावा आणि बळी नंतर पाहावेत. आधी सामन्यांची संख्या पाहावी आणि दोन सामन्यांमधल्या तारखा मोजाव्यात.