ऐंशी गुणांचे अंतर

दोन बुद्धिबळपटू पटावर बसले, की भोवतीची मंडळी निकाल सांगून मोकळी होतात. "तो वरचढ, तोच जिंकणार!" पण वाचकहो, वरचढ म्हणजे किती? आणि त्यावरून जिंकण्याची शक्यता मोजता येईल काय?

अमेरिकेत मिल्वॉकी येथे पदार्थविज्ञानाचे एक प्राध्यापक होते, आर्पाद एलो. जन्माने हंगेरियन आणि स्वतः पट्टीचे बुद्धिबळपटू. त्यांनी यासाठी जी गुणपद्धती बसवली, ती अमेरिकेच्या बुद्धिबळ संघटनेने १९६० साली आणि जागतिक संघटनेने १९७० साली स्वीकारली.

एलो म्हणाले, कोणीही रोज सारखा खेळत नाही. कधी सूर लागतो, कधी समोरची चालही दिसत नाही. या चढउताराचा आलेख काढला, तर तो घंटेच्या आकाराचा येतो. गाउस या जर्मन गणितज्ञाच्या नावाने ओळखतात, तोच हा आकार. घंटेच्या मध्यावर खेळाडूचे गुण आणि चढउताराचे माप २००, असे एलोंनी धरले.

आता एकाच्या खेळातून दुसऱ्याचा खेळ वजा करा. बाकी शून्याच्या वर निघाली, तर पहिला सरस. या बाकीचा आलेखही घंटेसारखाच. पण खरी गंमत पुढेच आहे. गुण वजा होतात, चढउतार मात्र वजा होत नाही! घरात दोन लहरी माणसे आली, म्हणून लहरीपणा कमी झाल्याचे कोणी पाहिले आहे? तो वाढतोच, मात्र दुप्पट होत नाही. २०० चा वर्ग अधिक २०० चा वर्ग, त्याचे वर्गमूळ सुमारे २८३. हे बाकीच्या चढउताराचे माप.

जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बातुमी येथे महिला विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. एकीकडे आंध्रच्या अनुभवी कोनेरू हंपी, दुसरीकडे नागपूरची एकोणीस वर्षांची दिव्या देशमुख. हंपींचे गुण सुमारे ८० ने अधिक. ८० ला २८३ ने भागले, की येतात ०.२८; आणि तक्ता सांगतो, हंपींचा वाटा शंभरात ६१, दिव्याचा ३९. बरोबरी यात अर्धी-अर्धी धरलेली आहे.

पहिले दोन डाव बरोबरीत सुटले. मग जलद डाव आले. त्या प्रकारात तर हंपी २०२४ च्या जगज्जेत्या! तरीही दिव्या जिंकली आणि चषकाबरोबर ग्रँडमास्टर हा किताबही घेऊन आली.

मग आकडे खोटे ठरले काय? मुळीच नाही. शंभरात ३९ म्हणजे काही थोडेथोडके नव्हे. मात्र हेच अंतर ठेवून सोळा डावांच्या खेळाची बेरीज घेतली, तर फरक सोळापट होतो आणि चढउतार फक्त चौपट. वरचढाचे पारडे मग शंभरात ८७ पर्यंत जाते. छोटा सामना नवख्याचा, लांबलचक सामना मुरलेल्याचा!

तेव्हा या दिवाळीच्या सुटीत धाकट्याने दादाला एका डावात हरवले, तर खुशाल पेढे वाटावेत. पण दादा "आता सोळा डाव होऊन जाऊ दे" म्हणाला, की शहाण्या धाकट्याने फराळाला उठावे, हे उत्तम!