वरवंटा माजघरात कसा आला?

आरोपीच्या मनात काय होते हे कोर्टाला दिसत नाही. म्हणून ते बाहेरच्या खुणा पाहते. हत्यार कोणते, कुठून आणले, घाव कुठे घातला, भांडण आणि घाव यांमध्ये वेळ किती गेला. यावरून खून की सदोष मनुष्यवध हे ठरते. रीत चुकीची नाही. माझा प्रश्न एवढाच, की या खुणा कोणाच्या अंगकाठीवर बेतल्या आहेत?

'गंभीर आणि अचानक प्रक्षोभ' हा अपवाद घ्या. तो कसा मोजायचा हे सुप्रीम कोर्टाने १९६१ साली नानावटी खटल्यात सांगितले. बायकोने परपुरुषाशी असलेले संबंध कबूल केल्यावर या नौदल अधिकाऱ्याने तिला व मुलांना सिनेमाला सोडले, जहाजावर जाऊन खोटे कारण सांगून रिव्हॉल्वर घेतले आणि त्या माणसाचे घर गाठले. मध्ये सुमारे तीन तास गेले. राग निवायला एवढा वेळ पुरे, म्हणून तो खूनच. हा निकाल मला पटतो. (वर्तमानपत्रांना आणि ज्यूरीला तो माणूस नायक वाटला होता, हेही विसरू नये.)

पण हीच फूटपट्टी मार खाणाऱ्या बाईला लावली की काय होते? कच्च्या कैदेतल्या बायकांना भेटायला मी तुरुंगात जाते. तिथल्या एकीच्या खटल्यात सरकारी वकिलांनी एकच मुद्दा धरून ठेवला: वरवंटा स्वयंपाकघरातून माजघरात कसा आला? नवरा झोपल्यावर ती उठली, आत गेली, वरवंटा घेऊन आली. म्हणजे बेत होता. अहो, तिच्या दीडपट वजनाचा नवरा जागा असताना ती हात उगारणार कशी? ती थांबली ते राग निवला म्हणून नव्हे. राग निवतो, भीती साचते. तिने पोलिसांत नोंदवलेल्या एन.सी. आणि सरकारी दवाखान्यातले केसपेपर कोर्टात आले खरे, पण तिच्या विरुद्ध. नवरा मारत होता, म्हणजे तिला मारायला कारण होते! बारा वर्षांचा मार 'हेतू' म्हणून चालतो, 'प्रक्षोभ' म्हणून चालत नाही.

इंग्लंडमध्ये किरणजित अहलुवालियाच्या बाबतीत हेच झाले. दहा वर्षांच्या छळानंतर १९८९ साली तिने झोपलेल्या नवऱ्यावर पेट्रोल टाकून पेटवले. पेट्रोल आधी आणून ठेवले होते, म्हणून खुनाची जन्मठेप झाली. साउथॉल ब्लॅक सिस्टर्सने मोहीम चालवली आणि १९९२ साली ती सुटली. पण प्रक्षोभ मानला म्हणून नव्हे, तिच्या खालावलेल्या मनःस्थितीचा वैद्यकीय पुरावा पुढे आला म्हणून. कायदा अपुरा म्हणण्यापेक्षा बाई आजारी म्हणणे सोपे गेले.

पुढे इंग्लंडने २००९ च्या कायद्यात 'अचानक'ची अट काढली, गंभीर हिंसेची भीती हे कारण धरले, आणि जोडीदाराचा व्यभिचार हे कारण बाद केले. हे शेवटचे फार महत्त्वाचे. नुसती सवलत वाढवली तर संशयावरून बायकोला मारणारे नवरेच रांगेत पहिले उभे राहतील.

आपल्याकडे मद्रास उच्च न्यायालयाने १९८९ साली मुलांसह विहिरीत उडी घेतलेल्या बाईच्या प्रकरणात 'सततचा प्रक्षोभ' मान्य केला. गुवाहाटी उच्च न्यायालयाने २०१३ साली तो आधार घेऊन, नवऱ्याच्याच हातातले लाकूड घेऊन त्याला मारणाऱ्या बाईची खुनाची शिक्षा सदोष मनुष्यवधावर आणली. पण तिथे मार चालू होता. वाट पाहणाऱ्या बाईला याचा आधार मिळेलच असे नाही. आणि १ जुलै २०२४ ला नवी न्याय संहिता आली, तेव्हा जुने ३०० वे कलम १०१ वे झाले, 'अचानक' मात्र तसेच राहिले. एवढे कायदे बदलले, हा एक शब्द कोणाला खटकला नाही!

प्रक्षोभ गंभीर आणि अचानक होता की नाही हा वस्तुस्थितीचा प्रश्न आहे, असे कलमातच म्हटले आहे. तेव्हा कलम बदलेपर्यंत आपल्या केंद्रांनी वकिलाच्या हाती वस्तुस्थिती तरी पुरी द्यावी. नुसत्या एन.सी.च्या नकला पुरत नाहीत. मागच्या खेपेस ती पळाली तेव्हा तिला परत कोणी आणून सोडले, दाराची कडी कोणाच्या हाती असे, त्या रात्री तो झोपण्यापूर्वी काय बोलला, उठल्यावर काय करीन म्हणाला, हे पहिल्याच भेटीत तिच्या शब्दांत लिहून घ्यावे. आणि भिंतीपलीकडून सगळे ऐकणाऱ्या शेजारणीला साक्षीला उभे करावे.