मागची गाडी आरशात दिसू द्या

सह्याद्रीत पाऊस लागला की फोर बाय फोरवाल्यांचे फोन सुरू होतात. कुठं जायचं हे नंतर ठरतं, आधी विचारणा होते ती किती गाड्या आहेत याची. एकच असेल तर बेत तिथंच मोडतो. चिखलात आणि ओढ्यात एकट्यानं उतरायचं नाही, हा या छंदाचा पहिला नियम. आमचं सगळं गणगोत त्या एका नियमावर उभं राहिलं आहे, असं माझं ठाम मत आहे.

चारही चाकांना ताकद देणारी गाडी कशी अडकेल, असं बाहेरच्या माणसाला वाटतं. ती अडकतेच. साधी गाडी जिथं थांबते त्याच्या बरंच पुढं जाऊन अडकते, आणि तिथं क्रेन पोचत नाही. एका आसावरच्या दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या डिफरन्शिअलची रचनाच अशी, की एक चाक खड्ड्यावर लटकलं की तेच गरगर फिरत राहतं आणि जमिनीवरचं चाक जागचं हलत नाही. फोर्स कंपनीच्या गुरखा गाडीला पुढं आणि मागं दोन्हीकडं डिफरन्शिअल लॉक असतात. ते लावले की दोन्ही चाकं एकत्र फिरतात आणि गाडी सुटते. पण चाकोरीतला मधला उंचवटा गाडीच्या पोटाला टेकला की लॉकही कामाचे नाहीत. मग दुसरी गाडी लागते, दोर लागतो आणि माणसं लागतात.

हे गाडी काढण्याचं काम मला या छंदातलं सर्वांत मोलाचं वाटतं. ज्याची गाडी रुतली तो स्टेअरिंगवर बसलेला असतो. त्यामुळं बंपरखाली हात घालून, गुडघाभर चिखलात आडवं होऊन शॅकल, म्हणजे दोर जोडायची लोखंडी कडी, अडकवणारा माणूस दुसराच असतो. ती त्याची गाडी नसते, आणि पुष्कळदा त्याची नि मालकाची ओळख त्याच सकाळी झालेली असते. दोर कुठं लावायचा याची शिस्त कडक आहे. चासीला पक्क्या बसवलेल्या हुकालाच लावायचा. बंपरला नाही आणि ट्रेलर जोडायच्या गोळ्याला तर कधीच नाही. ताणलेल्या दोरासकट सुटलेला लोखंडी तुकडा काचेतून आरपार जातो, माणसाचा जीव घेतो. म्हणून दोरावर जाड घोंगडी नाहीतर भिजलेलं जाकीट टाकायचं आणि बाकीच्यांनी दोराच्या लांबीच्या दीडपट अंतरावर उभं राहायचं. मोबाइल घेऊन पुढं सरकणाऱ्याला आमच्यातला कोणीही, वयाचा मान न ठेवता, ओरडून मागं घालवतो. त्याचा राग कोणी धरत नाही.

दुसरी गोष्ट स्पॉटरची, म्हणजे बाहेरून वाट दाखवणाऱ्याची. चढावर तोंड वर झालेल्या गाडीत बसलं की बॉनेटच्या पुढं फक्त आभाळ दिसतं. चाक दगडावर आहे की दरीच्या कडेवर, हे आतून कळत नाही. बाहेर उभ्या असलेल्या एका माणसाचे हात तेवढे दिसतात. "दादा, खाली बघू नका, माझ्या हाताकडं बघा," तो सांगतो आणि तुम्ही इंचाइंचानं गाडी सोडता. बोलायचं त्या एकट्यानंच. दोन माणसं दोन दिशा सांगायला लागली की ब्रेक दाबून थांबायचं. स्वतःच्या गाडीचा, कधी स्वतःच्या जिवाचा भार असा दुसऱ्याच्या बोटांवर सोपवायला शिकणं सोपं नाही. एरवी हुकूम सोडायची सवय असलेली माणसं इथं गॅरेजमधल्या पोराच्या इशाऱ्यावर मुकाट्यानं स्टेअरिंग वळवतात, ते बघून मला फार बरं वाटतं.

ताफ्यात प्रत्येकानं मागची गाडी आरशात ठेवायची असते, पुढच्याची काळजी करायची नसते. फाटा आला की मागचा दिसेपर्यंत थांबायचं. तो दिसला, त्यानं आपण वळलेलं पाहिलं, की पुढं जायचं. सगळ्यांत मागं जाणता माणूस ठेवतात, कारण त्याच्या मागं कोणी नसतं. ही रीत नीट पाळली तर वॉकीटॉकी बंद पडली, धुकं उतरलं, तरी कोणी मागं राहत नाही.

आमच्यात जुन्या जीपवाल्यांना वेगळा मान आहे. महिंद्रांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलिज जीपची जुळणी सुरू केली. नंतर सीजे थ्री बी, एमएम ५४०, कमांडर अशी वंशावळ वाढत गेली. बीडीओसाहेबांची जीप, प्रचाराची जीप, दाराला लटकून केलेलं वडाप, ही आपल्या तालुक्यांनी पाहिलेली जीप. तिला एसी नाही, पावसात ताडपत्रीतून मांडीवर पाणी गळतं आणि सुटे भाग कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात शोधावे लागतात. एखाद्याला ट्रान्स्फर केसचा गिअर हवा असला की निरोप फिरतो आणि कोणाच्या तरी पोटमाळ्यावरून तो निघतो. पैसे बहुधा घेतले जात नाहीत. मारुतीनं सर्वसामान्य ग्राहकांसाठी जिप्सी थांबवली तेव्हापासून जिप्सीवाल्यांतही हीच देवाणघेवाण वाढली आहे.

एक गोष्ट मात्र मला सतत खटकते. लावणीच्या दिवसांत भाताचे बांध तुडवत गाड्या नेणारे वाढले आहेत. बांध फुटला की खाचराचं पाणी जातं, आणि ते पाणी म्हणजे त्या घराचं वर्षाचं पीक. कोकणातल्या आणि घाटमाथ्यावरच्या सड्यांवर तर जांभ्या दगडावर बोटभर मातीचा थर असतो. पावसाळ्यातली फुलझाडं त्यावरच जगतात. तिथं चाक फिरलं की ती माती पुन्हा लवकर धरत नाही. जुनी गाडीवाट असेल तिथूनच जावं, वाडीत विचारून जावं, नुकसान झालं तर तिथल्या तिथं भरून द्यावं. शेवटी आमच्या गाड्या फारच रुतल्या की याच वाडीतला शेतकरी भरपावसात ट्रॅक्टर घेऊन येतो. त्याचं शेत नासवून आपण मैत्रीच्या गप्पा मारू शकत नाही.

ऑगस्ट २०१८ मध्ये केरळात महापूर आला तेव्हा तिथल्या ऑफरोडवाल्यांनी उंच टायरांच्या, स्नॉर्केल (इंजिनासाठी उंचावरून हवा घेणारी नळी) लावलेल्या गाड्या पाण्यात घातल्या, अडकलेली माणसं बाहेर काढली, छावण्यांवर सामान पोचवलं. सर्वांत मोठं काम नावा घेऊन आलेल्या कोळी बांधवांचं होतं, हे आधी सांगायला हवं. पण गाड्यांचंही काम साधलं, कारण दोर, हूक, इशारे, कोण पुढं नि कोण मागं, हे त्यांच्या हातात आधीच बसलेलं होतं. म्हणून रविवारच्या चिखलातला सराव मी नुसती हौस समजत नाही.

सध्या नवी मंडळी पुष्कळ येतात. महिंद्रांच्या २०२० च्या थार गाडीनं हा छंद घराघरांत नेला. जानेवारी २०२३ मध्ये तिची फक्त मागच्या चाकांवर चालणारी आवृत्ती आली, आणि तशी गाडी घेतलेला एकजण परवा संकोचून विचारत होता, मी आलो तर चालेल का. याच. ओढ्यापर्यंत तुमची गाडी येईल, पुढं आमच्यापैकी कोणाच्या शेजारी बसा. निघण्याआधी ओढायचे हूक कुठं आहेत ते वाकून बघून ठेवा. चिखलापूर्वी टायरची हवा ३० वरून १८ पीएसआयच्या आसपास आणायची असते, म्हणजे टायर पसरून पकड धरतो. तेव्हा हवा मोजायचं मीटर जवळ असू द्या. परतताना डांबरी रस्त्याला लागायच्या आधी ती पुन्हा भरायची, त्याचा पंप आमच्याकडं आहे. कपड्यांचा एक जोड जास्त घ्या. सकाळी सहाला निघतो. उशीर होत असेल तर फोन करा, आम्ही थांबू.