लंडनची चॅरिटी शॉप आणि मराठी घरे

लंडनच्या बहुतेक हाय स्ट्रीटवर दोन-चार तरी चॅरिटी शॉप असतात. लोकांनी दान केलेले कपडे, पुस्तके, कपबश्या, फर्निचर तिथे विकायला मांडलेले असते आणि खर्च वजा जाता उरलेला पैसा संस्थेच्या कामाला जातो. ब्रिटनभर अशी १०,०००हून अधिक दुकाने आहेत. रेड क्रॉसने १९४१ साली, ऐन युद्धात, ओल्ड बाँड स्ट्रीटवर असे दुकान काढले होते. ऑक्सफॅमचे ऑक्सफर्डमधल्या ब्रॉड स्ट्रीटवरचे दुकान त्याच दशकाच्या अखेरचे, आणि ते आजही चालू आहे. दान आलेल्या मालाच्या विक्रीवर व्हॅट शून्य दराने लागतो, बिझनेस रेटमध्ये ८० टक्के सूट मिळते आणि काम बरेचसे स्वयंसेवक करतात. एरवी महागड्या रस्त्यांवर जुन्या कपड्यांचे दुकान चालणे अवघडच होते.

चांगले दुकान शोधायचे तर आधी वस्ती पाहावी. मोठ्या संस्था काही माल एका केंद्रात निवडून इतरत्र पाठवतात, पण बराचसा माल आसपासच्या घरांतूनच येतो. त्यामुळे चेल्सी, मॅरिलबोन, चिझिक, रिचमंड या भागांत उत्तम लोकरीचे कोट, चामड्याचे बूट, क्वचित न वापरलेले चिनी मातीचे सेटही मिळतात. रेड क्रॉसचे चेल्सीतल्या ओल्ड चर्च स्ट्रीटवरचे दुकान नामवंत डिझायनरांच्या कपड्यांसाठी प्रसिद्ध आहे. अर्थात तिथे किंमत लावणारेही जाणकार असतात. स्वस्ताई हवी असेल तर किल्बर्न किंवा हॅरोसारखी साधी वस्ती बरी. केंटनच्या सेंट ल्यूक्स हॉस्पिससारख्या स्थानिक संस्थांच्या दुकानांकडे लोक उगाच दुर्लक्ष करतात. तिथला पैसा त्याच भागातल्या आजाऱ्यांच्या शेवटच्या दिवसांतल्या शुश्रूषेला जातो, आणि त्यांत मराठी माणसेही असतात.

वस्तीनंतर संस्था पाहावी. पुस्तकांसाठी ऑक्सफॅमची स्वतंत्र दुकाने, सोफा, कपाट किंवा वॉशिंग मशीनसाठी ब्रिटिश हार्ट फाउंडेशनची मोठी दुकाने, लहान मुलांच्या कपड्या-खेळण्यांसाठी फारा या संस्थेची दुकाने. सोफ्यावर आगरोधकतेचे लेबल शिवलेले आहे ना, हे पाहावे. १९८८च्या नियमांमुळे ते नसेल तर दुकान सोफा घेतच नाही. विजेचे उपकरण तपासल्याचे स्टिकर पाहावे. गाडीतली मुलांची सीट आणि हेल्मेट मात्र जुने कधीच घेऊ नये, कारण आतला तडा वरून दिसत नाही. कपड्याची काख, चेन आणि शिवण उजेडात नेऊन बघावी. लोकरी कपड्याला कसर असण्याची शंका असेल तर तो पिशवीत घट्ट बांधून दोन आठवडे फ्रीझरमध्ये ठेवावे.

एवढी माहिती इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या बहुतेक सभासदांना असतेच. तरीही या दुकानांत मराठी गिऱ्हाईक दिसते ते अवघडलेले. मंडळाच्या कार्यक्रमात एखादीच्या कोटाचे कौतुक होते, मग तो कुठून आणला हे कळते आणि कौतुक तिथेच थांबते. एखादे मूल चारचौघांत सांगते, ‘‘आईने हे चॅरिटी शॉपमधून आणलंय,’’ आणि त्याला डोळ्यांनीच गप्प केले जाते. हीच घरे दिवाळीच्या साफसफाईनंतर पिशव्या भरभरून त्याच दुकानांच्या दारात नेतात. देणे मोठेपणाचे आणि घेणे कमीपणाचे, अशी ही समजूत आहे, आणि ती हिशेबातही चुकीची आहे. पिशवी दारात ठेवल्याने संस्थेला एक पैसाही मिळत नाही. कोणीतरी ती वस्तू विकत घेतली तरच गल्ल्यात म्हणण्यासारखे काही पडते. देणारा इथे आयकर भरत असेल आणि त्याने गिफ्ट एडच्या फॉर्मवर सही केली असेल, तर विक्रीच्या प्रत्येक पौंडामागे आणखी २५ पेन्स सरकार देते. तेही विक्री झाली तरच. न खपलेले कपडे किलोच्या भावाने चिंध्यांच्या व्यापाऱ्याकडे जातात. त्यातले पुष्कळसे आफ्रिकेच्या बाजारांत पोचतात, तर काही पानिपतला, जिथे जुन्या लोकरी कपड्यांचे तुकडे करून, सूत काढून त्यांची स्वस्त ब्लँकेटे बनतात.

‘मेलेल्या माणसाचे असेल’ हा आक्षेप नेहमी पुढे येतो. ते खरेही असते. वृद्धांच्या पश्चात रिकाम्या केलेल्या घरांतून खूप माल येतो. पण आजी गेल्यावर तिची पैठणी कोणत्या मराठी घराने टाकून दिली? जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या लुगड्याच्या दुपट्यातच तर बाळाला पहिल्यांदा गुंडाळतात. वापरलेले कापड अपवित्र नाही हे ज्या घरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, त्यांनी परदेशात येऊन ते विसरावे, हे क्लेशदायक आहे. इंग्लंडच्या शाळांना तर शासनाचीच सूचना आहे: गणवेशाच्या खर्चाविषयीच्या २०२१च्या कायद्यानंतर पालकांना जुने गणवेश मिळण्याची सोय शाळांनी करावी, असे तीत स्पष्ट म्हटले आहे. घरी मात्र मुलाला ब्लेझर कुठून आला हे सांगू नकोस म्हणून बजावले जाते. अशा मुलाला वस्तूची किंमत कळत नाही, फक्त बिलाची कळते.

हा सूर कोणाला उपदेशाचा वाटला असेल तर क्षमस्व. थोरल्याचे कपडे धाकट्याला, हे ज्यांनी लहानपणी नाइलाजाने सोसले, त्यांना कमावते झाल्यावर नव्याची हौस वाटली तर त्यात काहीच वावगे नाही. त्यांनी नवे जरूर घ्यावे. जुने घेणाऱ्याबद्दल कुजबुज तेवढी करू नये.

पिशव्यांतून काय दिले जाते हाही वेगळा विषय आहे. बटणे तुटलेले, डागाळलेले कपडे आणि रात्री बंद दुकानाच्या दारात टाकलेली गाठोडी यांनी संस्थेला कचऱ्याचा खर्चच होतो.

साड्या आणि मराठी पुस्तके यांचे काय करावे, हे मात्र ठरवायला हवे. इरकल आणि पॉलिस्टर यांतला फरक न कळणारा स्वयंसेवक दोन्हींवर एकच किंमत लावणार. म्हणून साडी देताना कापड, लांबी आणि प्रदेश लिहिलेली चिठ्ठी सोबत ठेवावी, आणि शक्य तर हॅरो किंवा वेम्ब्लीतल्या दुकानात द्यावी, जिथे पारखणारे गिऱ्हाईक येते. पहिल्या पिढीच्या कपाटांतली मराठी पुस्तके इंग्रजी दुकानात दिली तर ती बहुधा रद्दीतच जातात. त्यांच्यासाठी मंडळाने सभागृहात एक कपाट ठेवावे, वर्षातून एकदा पौंड-दोन पौंडांना विक्री करावी आणि तो गल्ला जवळच्या हॉस्पिसला द्यावा.