अख्खी फाईल कुणाच्याही हातात देऊ नका!

"आपल्याला काय लपवायचंय? आपण थोडेच चोर?" असं म्हणत आपली माणसं वनहक्क दाव्याची अख्खी फाईल देऊन टाकतात. आज दलाल येतो, उद्या सर्व्हेवाला, परवा मतं मागणारा. "झेरॉक्स द्या, काम करून देतो." आणि आपण देतो. हे बंद करा!

चोर आपण नाहीच. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून जमीन कसतो, कायद्यानं हक्क मागतो. ग्रामसभेत दावा उघड वाचायचा, चर्चा करायची, ही आपली ताकद आहे. पण ग्रामसभेपुढं कागद ठेवणं वेगळं आणि दलालाच्या पिशवीत टाकणं वेगळं. शेजाऱ्याला दार उघडं असतं, म्हणून वाटसरूला कणगी उचलू देतो का?

फाईल उघडून बघा. म्हाताऱ्याच्या जबाबात आपल्या प्लॉटबरोबर शेजारच्या घरांचीही नावं असतात. कुणी कुठं नांगर घातला, कधी घातला, सगळं. आपला पुरावा चुकीच्या हातात गेला तर केस शेजाऱ्यावर! दंडाच्या पावतीमागं जुन्या केसचा कागद टाचलेला राहतो. आधार, पासबुक आणि अंगठा एकाच गठ्ठ्यात! आधार नंबर, बँकेचं नाव आणि अंगठा, एवढ्यावर मशीनमधून पैसे निघतात. कागदावरच्या ठशाची नक्कल करून खाती रिकामी केल्याचे गुन्हे देशात नोंदले गेलेत.

आणि 2008 च्या नियमांतल्या दाव्याच्या अर्जात आधारचा किंवा बँक खात्याचा रकानाच नाही! पुरावा म्हणून मतदार ओळखपत्र, रेशनकार्ड, घरपट्टीची पावती, म्हाताऱ्यांचा लेखी जबाब चालतो. मग पासबुक कशाला? मागणाऱ्याला तोंडावर विचारा.

म्हणून कागद गावाबाहेर जाण्याआधी वनहक्क समितीत बसून एवढं करा :

1. एकेक पान उलटून मागची बाजू बघा. टाचणी काढा. मागितलं तेवढंच द्या.

2. दुसऱ्याचं नाव काळ्या शाईनं खोडून भागत नाही. कागद उजेडाला धरला की वाचता येतं. त्यावर कोरी चिठ्ठी ठेवा, परत झेरॉक्स काढा, तीच द्या. समितीला मात्र पूर्ण जबाब द्या.

3. आधार द्यावंच लागलं तर पहिले आठ आकडे झाका.

4. झेरॉक्सवर तारीख आणि "फक्त अमुक कामासाठी" असं आडवं लिहा.

5. कोऱ्या कागदावर अंगठा नाही. मूळ कागद कुणाला नाही. दावा दिला की समितीची पोच घ्या.

ज्याला वाचता येत नाही त्याला शाळेतल्या पोरीनं वाचून दाखवावं. त्यात लाज कसली? न वाचता दिलेल्या कागदानं जमीन गेली, तर ती खरी लाज!

जमीन आमची, कागदही आमचा!